काचबिंदू: डोळ्यातले पाणी, त्याचा निचरा आणि दाब यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचबिंदूचे निदान झाले, किंवा 'दाब जरा जास्त आहे' एवढेच कानावर आले, की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूचाच एक प्रकार का?

नाही, आणि नावातल्या सारखेपणामुळे फार नुकसान होते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दिसू लागते. काचबिंदूत इजा होते ती डोळ्याच्या मागच्या बाजूच्या नसेला, म्हणजे दृष्टिचेतेला. डोळ्याकडून मेंदूकडे चित्र नेणारे साधारण १० ते १२ लाख बारीक तंतू या नसेत असतात, आणि काचबिंदूत ते हळूहळू मरतात. मेलेला तंतू परत उगवत नाही. म्हणून 'पिकू द्या, मग बघू' हा मोतीबिंदूबद्दलचा जुना सल्ला काचबिंदूला लावणे म्हणजे उरलेली नजर घालवणे. दोन्ही आजार एकाच डोळ्यात असू शकतात. त्यासाठी प्रश्न १८ पाहा.

२. माझ्या डोळ्यांतून सतत पाणी येते. म्हणजे निचरा बिघडला आहे का?

ते पाणी वेगळे. अश्रू डोळ्याच्या बाहेर, पापणीखालच्या ग्रंथींत तयार होतात आणि नाकाजवळच्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतात. तो मार्ग तुंबला तर गालावर पाणी ओघळते, पण डोळ्याच्या आतला दाब त्याने वाढत नाही. काचबिंदूशी संबंध असलेले पाणी डोळ्याच्या आत बंद असते. ते कधीच बाहेर ओघळत नाही. तान्ह्या बाळांत मात्र डोळ्यांतून अश्रू येणे हेही काचबिंदूचे चिन्ह असू शकते, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. आतले पाणी कुठे तयार होते आणि कुठे जाते?

आधी भागांची ओळख. सर्वांत पुढे पारदर्शक पारपटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याच्या मागे रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, आणि त्याच्या मधोमध बाहुलीचे भोक. पडद्याच्या मागे भिंग. भिंगाला आणि पारपटलाला रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या असत्या तर आरपार दिसलेच नसते. त्यांना साखर आणि प्राणवायू पुरवण्याचे व टाकाऊ पदार्थ वाहून नेण्याचे बरेचसे काम हे पाणी करते. शिवाय डोळ्याचा गोल आकार टिकतो तो त्याच्याच दाबामुळे.

रंगीत पडद्याच्या मुळाशी मागच्या बाजूला सिलिअरी बॉडी नावाची कडी असते. तिच्यावरच्या बारीक घड्या रक्तातून हे पाणी तयार करतात, जागेपणी मिनिटाला साधारण २ ते ३ मायक्रोलिटर आणि झोपेत जवळपास निम्मे. पाणी आधी पडदा आणि भिंग यांच्यामधल्या फटीत येते, बाहुलीतून पुढे सरकते आणि पारपटलामागच्या पुढच्या कप्प्यात पसरते. या कप्प्यात जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावते आणि ते दीड ते दोन तासांत पूर्ण बदलते.

बाहेर जाण्याची मुख्य वाट पारपटल आणि रंगीत पडदा जिथे भेटतात त्या कोपऱ्यात आहे. डॉक्टर याला 'अँगल' म्हणतात. तिथे स्पंजासारखी जाळी असते, ट्रॅबेक्युलर मेशवर्क. जाळीतून झिरपलेले पाणी श्लेमच्या कालव्यात जाते. हा कालवा डोळ्याभोवती गोल फिरलेला असतो. तिथून २५ ते ३५ बारीक नळ्यांवाटे ते पांढऱ्या भागावरच्या शिरांत, म्हणजे रक्तात, मिसळते. दुसरी वाट सिलिअरी स्नायूच्या तंतूंमधून मागे झिरपण्याची. तिचा वाटा लहान असतो आणि वयानुसार घटतो, पण आजची सर्वांत जास्त वापरली जाणारी औषधे नेमकी हीच वाट रुंद करतात (प्रश्न ११).

४. दाब नक्की कशावर ठरतो? २१ च्या आत म्हणजे काळजी नाही ना?

गणित सोपे आहे. तयार होणारे पाणी भागिले निचऱ्याची सुलभता, अधिक बाहेरच्या शिरांतला दाब. समजा मिनिटाला २ मायक्रोलिटर पाणी जाळीकडे येते, निचऱ्याची सुलभता ०.३ आहे आणि शिरांतला दाब ९ आहे. मग डोळ्यातला दाब साधारण १६ येतो. जाळी निम्मी तुंबून सुलभता ०.१५ झाली की तोच आकडा २२ वर जातो. पाणी जास्त तयार झाल्यामुळे दाब वाढलेला डोळा क्वचितच सापडतो. दोष जवळजवळ नेहमी निचऱ्यात असतो.

दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि १० ते २१ हा बहुसंख्य लोकांचा पल्ला आहे. ती सुरक्षिततेची रेषा मात्र नव्हे. १६ वर नस गमावणारे लोक आहेत आणि २५ वर वर्षानुवर्षे धडधाकट राहणारेही आहेत. शिवाय दाब दिवसभर हलतो. निरोगी डोळ्यातही ३ ते ५ मिलिमीटरचा फरक पडतो, काचबिंदूत त्याहून जास्त. आडवे झाल्यावर शिरांतला दाब वाढतो, त्यामुळे पाणी कमी तयार होत असूनही अनेकांचा सर्वोच्च दाब रात्री झोपेत असतो. दवाखान्यात दुपारी मिळालेला एकच आकडा म्हणजे अख्ख्या दिवसातला एक क्षण.

५. 'ओपन अँगल' आणि 'अँगल क्लोजर' यांत काय फरक?

पाणी कुठे अडते हा फरक, आणि पुढचे सगळे उपचार त्यावरच ठरतात.

ओपन अँगलमध्ये कोपरा उघडा असतो, जाळीपर्यंत वाट मोकळी असते, पण जाळीच चोंदते. सर्वांत जास्त अडथळा कालव्याच्या भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या पातळ थरात असतो. वय वाढते तशा जाळीच्या पेशी कमी होतात आणि तिथे चिवट पदार्थ साचतो. काही डोळ्यांत रंगद्रव्याचे कण किंवा भिंगावरून सुटलेली भुकटी जाळीत अडकते. डोळ्याला मुका मार लागला असेल तर जाळीजवळचे ऊतक फाटते आणि दाब वाढतो तो कधीकधी तब्बल काही वर्षांनी.

अँगल क्लोजरमध्ये जाळी चांगली असू शकते, पण रंगीत पडदाच तिच्यावर येऊन टेकतो. बहुतेकदा सुरुवात बाहुलीपाशी होते. भिंग पडद्याला चिकटून बसते, पाणी बाहुलीतून पुढे येईना, पडदा मागून फुगतो आणि कोपरा बंद करतो. आखूड डोळा, दूरच्या नजरेचा म्हणजे प्लस नंबरचा चष्मा आणि वयाबरोबर जाड होणारे भिंग असेल तर हे जास्त घडते. बराच काळ टेकलेला पडदा जाळीला कायमचा चिकटू शकतो, आणि मग नुसता कोपरा उघडून भागत नाही.

कोपरा समोरून पाहून दिसत नाही. त्यासाठी डोळा बधिर करून आरसे असलेली काच टेकवतात, या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. काचबिंदू सांगितला गेला पण ही तपासणी झालीच नसेल, तर ती झाली का हे जरूर विचारा. आमच्या मते सगळ्यांत जास्त राहून जाणारी तपासणी हीच.

६. दाब पुढच्या भागात वाढतो, मग मागच्या नसेला इजा कशी?

डोळा बंद गोळा आहे. कुठेही वाढलेला दाब आतल्या सगळ्या भिंतींवर सारखा पडतो. भिंत जाड आणि चिवट असते, फक्त एक जागा सोडून. सुमारे दीड मिलिमीटर व्यासाच्या ज्या चकतीतून नसेचे तंतू बाहेर पडतात तिथे भिंतीऐवजी चाळणीसारखा पडदा असतो. दाबाने ती चाळणी मागे वाकते, तिच्या भोकांच्या कडा तंतूंना चिमटतात, तंतूंमधली पदार्थांची ने-आण थांबते आणि तिथला रक्तपुरवठाही कमी पडतो. तंतू मरतात तसा चकतीच्या मधला खड्डा रुंद होतो. अहवालात '०.७ कप' लिहिलेले असते ते याबद्दल, म्हणजे चकतीच्या मानाने खड्डा किती रुंद आहे. बऱ्याच निरोगी डोळ्यांत हा आकडा ०.३ ते ०.४ च्या आसपास असतो, पण मोठी चकती असेल तर जन्मापासून ०.६ ही चालतो. एका भेटीतल्या आकड्यापेक्षा तो वाढतोय का, आणि दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक आहे का, हे महत्त्वाचे.

७. मला अगदी स्पष्ट दिसते, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचली. मग आजार कसा?

अक्षरे वाचण्याची नजर मधोमधची असते आणि ती बहुतेकदा शेवटपर्यंत टिकते. आधी जाते ती कडेची, बरेचदा नाकाच्या बाजूची, कमानीसारख्या पट्ट्यात. तिथे काळा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून ती जागा भरून टाकतो, शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. पायरी चुकणे, बाजूने आलेला माणूस एकदम समोर उभा राहिल्यासारखा वाटणे, ही उशिराची चिन्हे. दृष्टिक्षेत्राच्या, म्हणजे कडेपर्यंत किती दिसते याच्या, तपासणीत दोष उमटण्याआधीच नसेच्या पेशींपैकी चतुर्थांश ते एक तृतीयांश गेलेल्या असू शकतात. चाळिशीनंतर, किंवा आई-वडील व भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, काही त्रास नसतानाही नस तपासून घ्यावी ती यामुळेच.

८. एकदम डोळा दुखून लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. हा काचबिंदू असू शकतो का?

हो, कोपरा अचानक पूर्ण बंद झाल्याचा झटका. दाब ५० ते ६० वर जातो, पारपटलाला सूज येऊन धूसर दिसते, बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजते. उलट्या आणि डोकेदुखीमुळे अर्धशिशी किंवा पोटाचा विकार समजून तास वाया जातात. अंधारात, ताणाखाली किंवा बाहुली मोठी करणाऱ्या औषधांनंतर हा झटका येतो. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच वेळी डोळ्यांची तातडीची सेवा गाठा. तिथे आधी थेंब, गोळ्या, गरज पडल्यास शिरेतून औषध देऊन दाब उतरवतात, मग लेझरने पडद्याला छिद्र करतात (प्रश्न १३). दुसऱ्या डोळ्याची ठेवणही तशीच असते, म्हणून त्यालाही छिद्र करतात, तो दुखत नसला तरी.

९. दाब मोजायची हवेची फुंकर आणि निळ्या प्रकाशाचे यंत्र, यांत खरे कोणते? आणि पारपटलाची जाडी का मोजतात?

फुंकर प्राथमिक तपासणीला चालते. निर्णय घ्यायचा तो निळ्या प्रकाशाच्या, म्हणजे गोल्डमन, यंत्रावर. ते पारपटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागला ते मोजते. साहजिकच पातळ पारपटल सहज दबते आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जाड असेल तर जास्त. सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन. अमुक मायक्रॉनला अमुक आकडा मिळवा अशी भरवशाची बेरीज मात्र नाही.

चष्मा घालवण्याचे लेझर, म्हणजे लॅसिक, झालेल्यांनी हे तपासणाऱ्याला न चुकता सांगावे. त्यांचे पारपटल पातळ झालेले असते आणि १४ दिसणारा दाब खरा जास्त असू शकतो. मोजताना श्वास रोखू नका, घट्ट कॉलर सैल करा. दोन्हींनी आकडा खोटा वाढतो.

दृष्टिक्षेत्राची पहिली तपासणी बहुतेकांची वाईट येते, कारण सराव नसतो. त्या एका कागदावर निदान ठरत नाही. ती पुन्हा करायला सांगितली तर चिडू नका.

१०. दाब जास्त पण नस ठीक, किंवा दाब ठीक पण नस खराब. असे कसे?

पहिल्याला नुसता वाढीव दाब म्हणतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असे लोक ५ वर्षे पाहिले. औषध न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, औषध घेतलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे औषधाने धोका निम्म्याहून कमी होतो, पण औषध न घेताही दहातल्या नऊ जणांना त्या काळात काही झाले नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना थेंब देत नाहीत. वय, दाब, पातळ पारपटल आणि नसेतला खड्डा पाहून ठरवतात.

दुसऱ्याला सामान्य दाबाचा काचबिंदू म्हणतात. त्यांची नसेजवळची चाळणी (प्रश्न ६) कमकुवत किंवा रक्तपुरवठा तोकडा असतो. रात्री रक्तदाब फार उतरणे हे एक संशयित कारण आहे, तेव्हा झोपताना रक्तदाबाची गोळी घेत असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, वेळ स्वतःहून बदलू नका. उपचार इथेही दाब उतरवण्याचाच, साधारण ३० टक्क्यांनी.

११. इतक्या प्रकारचे थेंब का? कोणता काय करतो?

प्रश्न ४ मधले गणित आठवा. टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड पाणी तयार होणे कमी करतात. लॅटानोप्रॉस्टसारखे थेंब मागची झिरपण्याची वाट मोकळी करतात आणि दिवसातून एकदा, बहुधा रात्री, टाकून दाब २५ ते ३३ टक्क्यांनी उतरवतात. ब्रिमोनिडिन दोन्ही थोडे थोडे करते. पिलोकार्पिन बाहुली आकसवते आणि सिलिअरी स्नायू आकसवून जाळी ताणते.

दुष्परिणामांपैकी दोन गंभीर. टिमोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याचे आहे आणि हृदयाचे ठोके मंद करते. डोळ्यातला थेंब आहे म्हणून दमा सांगायचे राहू देऊ नका. ब्रिमोनिडिनने तान्ह्या बाळाचा श्वास मंदावू शकतो. लॅटानोप्रॉस्टने पापण्यांचे केस लांब होतात, बाहुलीभोवतीचा रंग गडद होतो आणि डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल दिसू शकतो. रंग बदलला तर तो परत येत नाही.

१२. थेंब टाकायची नेमकी पद्धत काय? एक थेंब पुरतो का?

एकच पुरतो. बाटलीतला थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, आणि डोळ्यात त्याहून कमीच मावते. दुसरा थेंब गालावर जातो.

हात धुवा. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करा, वर बघा, टोक कुठेही न टेकवता थेंब सोडा. मग डोळा अलगद मिटा, मिचकावू नका, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने २ मिनिटे दाबून धरा. त्याने औषध नाकातून रक्तात कमी जाते. दमा आणि हृदयाच्या दृष्टीने ही २ मिनिटे खरी मोलाची आहेत. दुसरे औषध असेल तर ५ मिनिटांनी, नाहीतर ते पहिल्याला धुऊन काढते. हात थरथरत असेल तर मनगट कपाळावर टेकवा.

लॅटानोप्रॉस्टची २.५ मिलिलिटरची बाटली साधारण ८० थेंबांची. न उघडलेली बहुतेकदा फ्रीजमध्ये ठेवायची असते, उघडल्यावर खोलीत ६ आठवडे चालते. दोन डोळ्यांना रोज एकेक थेंब टाकता आणि बाटली तीन आठवड्यांतच संपते? मग थेंब बाहेर पडत आहेत. तीन महिने पुरते? मग बरेच चुकत आहेत. एखादा थेंब राहिला तर आठवल्यावर टाका, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दुप्पट टाकू नका. तपासणीच्या दिवशी थेंब बंद ठेवू नका.

१३. लेझर सांगितले आहे. कुठल्या प्रकारचे ते कसे कळेल?

दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. कोपरा अरुंद असेल तर रंगीत पडद्याला बारीक छिद्र करतात, म्हणजे पाण्याला बाहुली वगळून पुढे यायला आडवाट मिळते. काहींना त्यानंतर प्रकाशाची रेघ दिसते. काही डोळ्यांत पडद्याचे मूळच पुढे वळलेले असते आणि छिद्रानंतरही कोपरा अरुंद राहतो, म्हणून छिद्रानंतर गोनिओस्कोपी पुन्हा करायची असते.

ओपन अँगलमध्ये जाळीवर एसएलटी नावाचे सौम्य लेझर मारतात. ते भोक पाडत नाही, जाळीच्या पेशींना चालना देते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत सुरुवातीलाच एसएलटी घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना ३ वर्षांनी थेंबांशिवाय दाब राखता आला. परिणाम काही वर्षांत ओसरतो, पण पुन्हा करता येते.

१४. ऑपरेशनने गेलेली नजर परत येते का?

नाही. उरलेली वाचवण्यासाठीच ते असते. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये पांढऱ्या भागात झाकणासारखी पातळ चकती उचलून पाण्याला वरच्या पापणीखाली नवी वाट देतात. तिथे फुगवटा तयार होतो. शरीर ही वाट जखम समजून भरून काढू पाहते, आणि अपयशाचे मुख्य कारण तेच. म्हणून ऑपरेशनच्या वेळी व्रण रोखणारे औषध लावतात. उलट पाणी फार वाहिले तर दाब ५ च्या खाली जाऊन नजर धूसर होते. फुगवटा पातळ असल्याने जंतुसंसर्गाची भीती अनेक वर्षांनीही राहते. लाली, दुखणे, चिकट स्राव किंवा अचानक धूसर दिसणे यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवा.

१५. स्टिरॉइडने काचबिंदू होतो हे खरे का?

हो. खाज आणि लालीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांनी असे घडते. बहुतेक वेळा २ ते ६ आठवड्यांत जाळीत साका वाढून दाब चढतो. साधारण एक तृतीयांश लोकांत तो मध्यम वाढतो, ४ ते ६ टक्क्यांत खूप. काचबिंदू असलेल्यांत व त्यांच्या जवळच्या नातलगांत धोका जास्त, लहान मुलांतही. पापण्यांवरचे मलम, दम्याचा पंप, गोळ्या यांनीही वाढू शकतो. थेंब थांबवल्यावर दाब सहसा काही आठवड्यांत उतरतो, पण गेलेली नस परत येत नाही. दीर्घकाळ चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र स्वतःहून कधीच बंद करू नका.

१६. बाळाचे डोळे मोठे आणि टपोरे आहेत. सगळे कौतुक करतात. काळजी करायची का?

जन्मजात काचबिंदूत असेच दिसते. पहिल्या ३ वर्षांत डोळ्याची भिंत लवचिक असते, दाबाने डोळाच ताणून मोठा होतो. नवजात बाळाच्या पारपटलाचा व्यास साधारण १० मिलिमीटर असतो. पहिल्या वर्षात तो १२ च्या वर गेला तर तपासणी लगेच करावी. सोबत उजेडात डोळे घट्ट मिटणे, पाणी येणे, पारपटल धुरकट दिसणे. नाकाकडची नळी बंद असली तरी पाणी येते, पण मग चिकट घाण जास्त असते आणि उजेडाचा त्रास नसतो. उपचार बहुतेकदा ऑपरेशनचा, आणि दिवस मोजून लवकर.

१७. सर्दीच्या गोळीवर 'काचबिंदू असल्यास घेऊ नका' लिहिलेले असते. शीर्षासन, कॉफी, पाणी यांचे काय?

ती सूचना बाहुली मोठी होऊन कोपरा बंद होण्याबद्दल आहे. कोपरा उघडा असेल, किंवा लेझरचे छिद्र होऊन कोपरा उघडल्याची खात्री झाली असेल, तर सहसा अडचण येत नाही. आपला कोपरा कसा आहे हे माहीत असणे इथे उपयोगी पडते.

शीर्षासनात दाब जवळपास दुप्पट होतो, ते टाळा. बाकी आसने आणि चालणे चांगले. लिटरभर पाणी एका दमात प्यायल्याने दाब तात्पुरता चढतो, घोटाघोटाने प्यायल्याने नाही. कॉफीने किंचित.

१८. काचबिंदू असताना मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे का?

अरुंद कोपऱ्यात तर ते उपचारच ठरू शकते. जाड भिंग काढून पातळ बसवले की पडदा मागे सरकतो आणि कोपरा उघडतो. ओपन अँगलमध्ये दाब थोडा उतरतो. नस फार खराब असेल तर ऑपरेशननंतर काही तासांत चढणारा दाबही झेपत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दाब मोजण्याचे आधी ठरवून घ्या.

१९. मधुमेह आहे. डोळा लाल, दुखरा, आणि दाब ४५. हा झटकाच ना?

चिन्हे प्रश्न ८ मधल्या झटक्याचीच, कारण निराळे असू शकते. मधुमेहाने किंवा मागची मुख्य शीर बंद पडल्याने दृष्टिपटलाला, म्हणजे रेटिनाला, प्राणवायू कमी पडतो. मग तो नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा संदेश पाठवतो, त्या कोपऱ्यात पसरतात आणि आकसून पडदा जाळीवर ओढतात. इथे पडद्याला छिद्र करून उपयोग नाही, कारण अडथळा बाहुलीपाशी नाहीच. दाबाच्या औषधांबरोबर डोळ्यात इंजेक्शन आणि दृष्टिपटलावर लेझर लागते. शीर बंद पडल्यानंतर हे बहुधा पहिल्या ३ ते ४ महिन्यांत घडते, तेव्हा त्या काळात दर महिन्याला बाहुली मोठी करण्याआधी पडद्याची कड आणि कोपरा पाहून घ्यावा. बाहुली मोठी झाल्यावर त्या कोवळ्या वाहिन्या दिसेनाशा होतात.